हायड्रोजन की बॅटरी? सोनगीरच्या रस्त्यावरचा हिशेब

धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. किल्ल्याची टेकडी, तांब्या-पितळेच्या भांड्यांचा जुना धंदा आणि गावाला लागून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२. कागदावर त्याचा क्रमांक बदलला, पण लोकांच्या तोंडी तो अजून मुंबई-आग्रा रोडच आहे. इथल्या टोलनाक्यावरच्या रांगेत आता अधूनमधून हिरवी नंबरप्लेट दिसते. पांढरे आकडे असतील तर घरची गाडी, पिवळे असतील तर भाड्याची, दोन्ही बॅटरीवरच्या. हायड्रोजनवर चालणारी मोटार मात्र या रांगेत दिसणार नाही, कारण ती भारतातल्या कुठल्याच शोरूममध्ये विकत मिळत नाही.

तरीही हायड्रोजनचे नाव लोकांच्या कानावर चांगलेच पडलेले आहे. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजन मोटारीतून संसदेत गेले आणि ती बातमी घरोघरी पोचली. धुराऐवजी पाणी सोडणारी गाडी पाहून ‘आता बॅटरीच्या गाडीत पैसे कशाला अडकवायचे?’ असा प्रश्न अनेकांना पडला. पारावर चाललेल्या गप्पांत तो आजही निघतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधताना मात्र मोटार आणि मालट्रक यांना एका दावणीला बांधून चालत नाही. मोटारीपुरता निकाल जवळपास लागला आहे. खरी चुरस ट्रकची आहे, आणि सोनगीरसारख्या गावाचा संबंध मोटारीपेक्षा ट्रकशीच जास्त येतो.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मिराईसारखी गाडीही विजेवरच चालते. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये एकत्र येतात, वीज तयार होते, त्या विजेवर मोटर फिरते आणि मागे पाणी उरते. त्यामुळे वाद इंधन विरुद्ध वीज असा नाही. वीज थेट बॅटरीत भरायची, की तिच्यापासून आधी हायड्रोजन बनवून गाडीत पुन्हा त्याची वीज करायची, एवढाच तो आहे.

हा वळसा महागात पडतो. पाण्यातून एक किलो हायड्रोजन वेगळा काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो ७०० बार दाबाने टाकीत भरायला आणखी काही युनिट जातात. त्या किलोभर हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते ३३ युनिटची, आणि फ्युएल सेल त्यातली निम्मी किंवा थोडी जास्त वीज म्हणून परत देतो. म्हणजे शंभर युनिट खर्चून चाकापर्यंत तीसेक पोचतात. बॅटरीच्या गाडीत तेच पंचाहत्तर-ऐंशीपर्यंत जातात. मिराईच्या टाकीत ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि त्यावर ती साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास धावते. तो बनवायला तीनशे युनिटच्या वर वीज लागलेली असते. तेवढ्याच विजेत बॅटरीची मध्यम मोटार अठराशे किलोमीटर सहज ओलांडते. यात कुणाच्या तंत्रज्ञानाचा दोष नाही. फ्युएल सेल उद्या कितीही सुधारला, तरी दोनदा रूपांतर करताना होणारी घट पूर्ण टळणार नाही.

खान्देशात हा हिशेब युनिटमध्ये सांगण्यापेक्षा एकरात सांगितलेला लवकर पटतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. ऊन आणि वारा इथे भरपूर. जमिनीचे तसे नाही. सोनगीरहून दोंडाईचाकडे जाताना जो शिंदखेडा तालुका लागतो, त्यातल्या विखरणमध्ये वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा वाद एवढा चिघळला, की जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या एका वृद्ध शेतकऱ्याने थेट मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. वीज कुठून आणणार, या प्रश्नाच्या पोटात जमीन कुणाची जाणार, हा प्रश्न असतो. एक मेगावॉट सौर पॅनलला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास युनिट मिळतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाड्या धरल्या, तर एका एकरावरच्या उन्हात बॅटरीच्या सव्वाशे-दीडशे मोटारी चालतील, हायड्रोजनच्या पन्नासही नाहीत.

पाण्याचा आक्षेप मात्र वाटतो तेवढा मोठा नाही. ‘आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पाण्याची गाडी काढणार का?’ हे ऐकायला बिनतोड वाटते. पांझरेच्या पाण्याची फड पद्धतीने वाटणी करत आलेल्या जिल्ह्यात तर ते लगेच पटते. पण एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबाने नऊ लिटर पाणी पुरते. शुद्धीकरणातली आणि थंड करण्यातली घट धरली तरी वीस-तीस लिटर. रावेर-यावलकडे भर उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला ठिबकने दिवसाला जवळपास तेवढेच पाणी दिले जाते. एकाच ठिकाणी मोठा कारखाना उभा राहिला, तर त्या गावाने पाण्याचा हिशेब जरूर मागावा. पण हायड्रोजन मोटारीला अडवते ती वीज. पाण्याचा क्रमांक बराच नंतर लागतो.

जगाच्या बाजाराने हे गणित आपल्या पद्धतीने सोडवले आहे. मिराई जपानमध्ये २०१४ च्या अखेरीस बाजारात आली, म्हणजे तिला दहा वर्षे पुरेपूर मिळाली. अमेरिकेत २०२४ मध्ये तिच्या ४९९ गाड्या विकल्या गेल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत शेल कंपनीने कॅलिफोर्नियातले मोटारींसाठीचे आपले सगळे हायड्रोजन पंप बंद केले. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्यांना इंधनासाठी गावे धुंडाळायची पाळी आली. जुलै २०२५ मध्ये स्टेलांटिस या बड्या वाहनसमूहाने हायड्रोजनचा कार्यक्रमच गुंडाळला. दुसऱ्या बाजूला २०२४ मध्ये जगभर १ कोटी ७० लाखांहून अधिक विद्युत मोटारी विकल्या गेल्या. त्यात प्लग लावता येणाऱ्या हायब्रिडही आहेत, हे खरे. पण नॉर्वेत त्या वर्षी विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ निव्वळ बॅटरीच्या होत्या. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-अभ्यासकांच्या पाहणीनुसार बॅटरीची सरासरी किंमत २०२४ मध्ये युनिटमागे ११५ डॉलरवर आली. २०१० मध्ये ती हजार डॉलरच्या वर होती.

भारतात हा वेग कमी आहे. २०२४ मध्ये इथे विद्युत मोटारी लाखाच्या घरात खपल्या, एकूण मोटारींच्या अडीच टक्के. पण त्यांचे माहेर महाराष्ट्रातच आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेली टाटाची नेक्सॉन ईव्ही पुण्याजवळ रांजणगावात बनली, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चाकणमध्ये बनतात, आणि बजाजची विजेवरची चेतक पुण्याचीच.

खेड्यातल्या माणसाला बॅटरीची गाडी झेपणार नाही, असे शहरात बसून नेहमी म्हटले जाते. वस्तुस्थिती उलटी वाटते. मुंबईत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा तर आधी कमिटीची परवानगी, मग मीटरचा घोळ. सोनगीरच्या घराला ओटा आहे, पुढे अंगण आहे. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ४५ युनिटची रिकामी बॅटरी भरायला चौदा-पंधरा तास लागतात, ७ किलोवॉटचा चार्जर बसवला तर सहा-सात. धुळ्याला जाऊन येऊन चाळीस किलोमीटर चालणारी गाडी रोज रिकामी होतच नाही. सहा-सात युनिट भरले की काम भागते. घरच्या विजेवर किलोमीटरला दीड-दोन रुपये पडतात. महामार्गावरच्या वेगवान चार्जरवर मात्र युनिटला वीस-पंचवीस रुपये मोजावे लागतात आणि फायदा बराच पातळ होतो. रोज नाशिक-इंदूर करणाऱ्या टॅक्सीवाल्याने दोन्ही दर समोर ठेवूनच निर्णय घ्यावा. विक्रेता त्याला फक्त घरचा दर सांगतो.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विद्युत मोटारींना टोल माफ केला. सोनगीरचा नाका त्या तिघांत येत नाही. याच धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. खान्देशच्या दृष्टीने टोलमाफीपेक्षा ते महत्त्वाचे.

उन्हाचे काय? मे महिन्यात धुळे-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेली बॅटरी वेगवान चार्जर स्वतःच मंद करते आणि एसीमुळे पल्लाही काहीसा घटतो. पण फ्युएल सेलही उन्हाला भितो. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते. फ्युएल सेल साधारण ८० अंशांवर काम करतो आणि त्याची जवळपास सगळी उष्णता रेडिएटरनेच बाहेर काढावी लागते. बाहेर ४५ अंश असतील तर तापमानातला फरक कमी पडतो, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. शिवाय त्याला हवा स्वच्छ हवी. गंधकाचे अंश असलेली हवा आत गेली की प्लॅटिनमचा थर निकामी होऊ लागतो, म्हणून गाळणीही साधी चालत नाही.

आगीची भीती दोघांच्याही वाट्याला आली आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि त्याच वर्षी बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. जून २०१९ मध्ये नॉर्वेत सँडविकाजवळच्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला तेव्हा टोयोटा आणि ह्युंदाई यांनी तिथली हायड्रोजन मोटारींची विक्री काही काळ थांबवली.

इथवर मोटार. आता ट्रक.

५५ टनांचा ट्रेलर किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट खातो. सोनगीरहून न्हावा-शेवा बंदर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एका फेरीला पाचशे युनिट धरा. आजच्या बॅटरीत युनिटमागे सहा-सात किलो वजन पडते, म्हणजे तीन-साडेतीन टन नुसती बॅटरी. तेवढा माल कमी, तेवढे भाडे कमी. त्याच पल्ल्याला हायड्रोजन तीसेक किलो लागतो आणि त्याच्या कार्बन फायबरच्या टाक्या पाच-सहाशे किलोंच्या होतात. भरायलाही वेळ कमी लागतो. डेमलरच्या ट्रकने सप्टेंबर २०२३ मध्ये द्रवरूप हायड्रोजनच्या एका भरणीवर जर्मनीत १,०४७ किलोमीटर कापून दाखवले. मोटारीत हरलेला हायड्रोजन ट्रकमध्ये टिकून आहे तो या वजनामुळे आणि वेळेमुळे.

भारतातली त्याची चाचणीही म्हणूनच ट्रक-बसवर होते आहे. पुण्याच्या केपीआयटीने राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने ऑक्टोबर २०२० मध्ये फ्युएल सेल मोटारीवर बसवून पाहिला, पण ऑगस्ट २०२२ मध्ये याच जोडीने पुण्यात लोकांसमोर आणली ती बस. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने आपले धोरण आणले. अभियानातून मार्च २०२५ मध्ये ३७ ट्रक-बस आणि ९ पंपांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले. पुणे-मुंबई हा त्यातला एक मार्ग. टाटा मोटर्सच्या १६ ट्रकची चोवीस महिन्यांपर्यंतची चाचणी त्याच महिन्यात सुरू झाली. या ३७ गाड्यांपैकी १५ फ्युएल सेलच्या आहेत आणि २२ चक्क इंजिनाच्या, म्हणजे डिझेलऐवजी हायड्रोजन जाळणाऱ्या. इंजिनवाला पर्याय वीज सर्वांत जास्त वाया घालवतो, पण पिस्टन, गॅस्केट, गिअरबॉक्स सगळे तेच राहते. मिस्त्रीला परके वाटत नाही आणि इंजिन कारखान्यांचे कामही चालू राहते. त्याला एवढा पाठिंबा का मिळतो, हे समजायला फार खोल जावे लागत नाही.

सोनगीरच्या रस्त्याला आणखी एक कसोटी आहे, ती म्हणजे बिजासन घाट. मध्य प्रदेशातून सेंधवा ओलांडून भरलेले ट्रक हा घाट उतरून शिरपूर तालुक्यात पळासनेरला येतात. ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर पळासनेरजवळ गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. चाळीस टनांची गाडी दोनशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे २२ युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. डिझेल गाडीत ती इंजिन-ब्रेकने काही आणि ब्रेकच्या ड्रमात बरीचशी, उष्णता होऊन जिरते. ड्रम तापले की ब्रेक लागेनासे होतात. बॅटरीच्या ट्रकमध्ये मोटर उलटी जनरेटरसारखी चालते, गाडी आवरते आणि त्या २२ युनिटपैकी मोठा वाटा बॅटरीत परत येतो. अट एवढीच की घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली नको. फ्युएल सेल ट्रकमध्येही एक बॅटरी असते, म्हणून त्यालाही हे जमते, पण ती लहान असल्याने लवकर भरते. हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाच्या ट्रकला यातले काहीच साधत नाही. त्याचे ब्रेक डिझेलइतकेच तापतात.

दुसरी अडचण माल पोचवण्याची. दाबाखालचा हायड्रोजन सिलिंडरच्या ट्रेलरमधून आणायचा, तर तीस-चाळीस टनांची गाडी तीन-चारशे किलो हायड्रोजन आणते. म्हणजे एका ट्रेलरने आणलेले इंधन दहा-बारा ट्रकच्या एका फेरीत संपते. तो पंपावरच बनवायचा तर प्रत्येक ट्रकमागे अठराशे युनिट वीज लागेल. बॅटरीच्या ट्रकला चार्जिंगमधली घट धरून सहाशेच्या आत भागते. पानिपतच्या इंडियन ऑइल रिफायनरीसाठी २०२५ मध्ये हरित हायड्रोजनचा जो करार ठरला, त्यात भाव किलोला चारशे रुपयांच्या आसपास आला, तोही कारखान्याच्या दारात. वाहतूक, दाब, पंपाचा खर्च वेगळा.

दरम्यान बॅटरीने वजनाच्या अडचणीवर दुसरी वाट काढली: बॅटरी बदलायची. चीनमध्ये रिकामी बॅटरी काढून काही मिनिटांत भरलेली चढवणारे हजारो ट्रक रस्त्यावर आहेत. चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सने २०२५ मध्ये असाच बॅटरी-बदलीचा ट्रक मुंबई-पुणे पट्ट्यासाठी आणला. ही तीच कंपनी जिने २०२२ मध्ये एलएनजीवरचा ट्रक बाजारात उतरवला होता. कारखानदारांचे पाऊल कुठल्या दिशेने पडते आहे, ते यातून दिसते. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही ई-ट्रकसाठी ५०० कोटी ठेवले आहेत, ट्रकमागे जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये.

मात्र बॅटरीवाल्यांचेही सगळे सुरळीत चाललेले नाही. एसटीने १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही विजेवरची बस पुणे-अहमदनगर मार्गावर सोडली. १९४८ मध्ये एसटीची पहिली बस याच मार्गावर धावली होती. पुढे ५,१५० विद्युत बसचा करार झाला आणि त्यांचा पुरवठा इतका रखडला की प्रवासी अजून वाट पाहतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांवर निर्बंध घातले, तेव्हा चेतकचे उत्पादन अडखळले. हायड्रोजनने ही परवशता सुटत नाही, कारण त्याच्या ट्रकलाही विजेची मोटर लागतेच. वर प्लॅटिनम आणि इरिडियमची गरज वाढते. तांब्याच्या बाबतीत सोनगीरकरांना थोडी गंमत वाटावी: बॅटरीच्या मोटारीत ऐंशी किलोच्या आसपास तांबे असते, पेट्रोलच्या गाडीच्या तिप्पट-चौपट.

सर्वांत मोठे काम विजेच्या तारांचे आहे. महामार्गावर २४० किलोवॉटचे सहा चार्जर एकाच वेळी चालले, तर जवळपास दीड मेगावॉट भार पडतो. गावाकडच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात बहुतेकदा ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर आधीच गाव आणि शेतीपंप लटकलेले असतात. ज्या भागात शेतीला पाळीपाळीने आठ तास वीज मिळते आणि पाणी भरायला रात्री-बेरात्री शेतात जावे लागते, तिथे ट्रकसाठी दीड मेगावॉट बाजूला काढणे लोकांच्या डोळ्यांत भरणारच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून १६,००० मेगावॉट सौर वीज उभी करून शेतीला दिवसा वीज द्यायची आहे. त्याच फिडरवर दुपारी ट्रकही चार्ज झाले, तर शेतकरी आणि वाहतूकदार यांचे भांडण लागणार नाही, दुपारची जास्तीची वीजही वाया जाणार नाही. त्यासाठी ढाब्यावर ट्रक थांबण्याची वेळ रात्रीवरून दुपारवर यावी लागेल. भर उन्हात गाडी हाकण्यापेक्षा ड्रायव्हरलाही ते सोयीचेच.

हायड्रोजन यामुळे अडगळीत जात नाही. खतासाठी लागणारा अमोनिया आणि तेलशुद्धीकरण यांना तो हवाच आहे. आज त्यांच्यासाठी तो नैसर्गिक वायूपासून बनतो आणि भरपूर कार्बन हवेत जातो. सोनगीरच्या शेतकऱ्याच्या हाती हरित हायड्रोजन आलाच, तर तो गाडीच्या टाकीतून येण्याआधी युरियाच्या गोणीतून येण्याची शक्यता जास्त. लांब पल्ल्याच्या, अवजड आणि थांबायला फुरसत नसलेल्या थोड्या ट्रकना तो लागेल. पण बॅटरीची किंमत ज्या वेगाने उतरते आहे, तो पाहता हे ‘थोडे’ दरवर्षी आणखी थोडे होत जाईल.

टाटाच्या हायड्रोजन ट्रकची चाचणी २०२७ च्या सुरुवातीला संपेल. खान्देशातले बहुतेक छोटे वाहतूकदार नवा ट्रक घेतच नाहीत; मोठ्या कंपन्यांनी पाच-सात वर्षे वापरून काढलेली गाडी ते घेतात. म्हणजे या सगळ्याचा व्यवहार त्यांच्या दारात यायला २०३० उजाडून जाईल. तेव्हा गाडीवाला अ‍ॅव्हरेज विचारेल, आणि मग बॅटरीत किती दम उरला आहे याचा लेखी दाखला मागेल. तो दाखला कोणी द्यायचा, किती रुपयांत, आणि खोटा निघाला तर जबाबदार कोण, याची व्यवस्था जुन्या ट्रकच्या बाजारात अजून बसलेली नाही.